रोजच्या अनुभवातून कॉलेजचा अभ्यास: खानदेशातल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी

गावाकडून जळगाव, धुळे, नंदुरबार, अमळनेर, शहादा इथल्या कॉलेजात रोज एसटीनं येणाऱ्या मुलामुलींच्या मनात पहिल्या वर्षी एक भीती घर करून असते: आपल्याला काही येत नाही, बाकीच्यांना सगळं येतं. ही भीती खोटी आहे. तुम्ही केळीला पाणी सोडलंय, कापूस वेचलाय, भाकरी थापलीय, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घातलेत, सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा, हिशेब आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरताना ऐकलाय. यातलं प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या विषयाच्या अभ्यासक्रमात आहे, फक्त तिथे त्याचं नाव वेगळं आहे.

पण अनुभव आपोआप अभ्यास होत नाही. भाकरीला गरम पाणी लागतं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. स्टार्चवर चार गुणांचं उत्तर लिहायला तेवढं पुरत नाही. अनुभव लिहून ठेवावा लागतो, मोजावा लागतो, पुस्तकाशी ताडून पाहावा लागतो आणि तो कुठे फसवतो हेही शोधावं लागतं. ते कसं करायचं, ते पुढे क्रमानं दिलंय. विज्ञान, वाणिज्य, कला यांपैकी कुठल्याही शाखेला हे लागू पडतं.

पहिली पायरी: वही

दोनशे पानी साधी वही घ्या. मोबाइलवर लिहू नका. आकृती, बेरीज, बाण, खाडाखोड हे सगळं इथे लागतं आणि ते कागदावरच नीट जमतं. डावं पान अनुभवासाठी, समोरचं उजवं पान कोरं ठेवायचं. उजव्या पानावर त्याच दिवशी काही लिहायचं नाही. तो धडा वर्गात होईल तेव्हा ते भरायचं. कधी आठवड्यानं भरेल, कधी दुसऱ्या सत्रात. नवखी मुलं दोन्ही पानं त्याच रात्री भरायला जातात, मग उजवीकडे ‘यातून मला खूप काही शिकायला मिळालं’ असली वाक्यं येतात. त्यापेक्षा कोरं पान बरं.

आठवड्याला दोन नोंदी पुरे. पंधरा आठवड्यांच्या सत्रात तीस होतात. रोज लिहायचा नेम धरणारे बहुधा तिसऱ्या आठवड्यात थांबतात.

नोंद त्याच रात्री करायची, सहा ते आठ ओळी. दुसऱ्या दिवशीपर्यंत आकडे निसटतात आणि त्यांच्या जागी मत येऊन बसतं. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेली ही बाई शेतात, जात्यावर काम करता करता ओव्या रचत होती. घरच्या माणसांनी त्या कागदावर उतरवून घेतल्या म्हणून आज आपल्यापर्यंत पोचल्या. न लिहिलेलं किती गेलं असेल, कोण सांगणार.

नोंदीत पाच गोष्टी हव्यात: तारीख आणि जागा; काय घडलं, आकड्यांसकट; मला वाटलेलं कारण; हे कुठल्या विषयात, कुठल्या युनिटमध्ये येईल; आणि मनात राहिलेला एक प्रश्न. चौथी ओळ सुरुवातीला रिकामी राहिली तरी चालेल. दुसरी रिकामी राहिली तर मात्र नोंद झालीच नाही असं समजा.

दुसरी पायरी: मोजा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला

एकाच अनुभवाच्या दोन नोंदी बघा. पहिली: ‘आज कळण्याची भाकरी केली. आईनं शिकवली. खानदेशी पदार्थ खूप पौष्टिक असतात.’ यावरून पुढे काहीच करता येत नाही.

दुसरी:

‘१२ ऑगस्ट, घर. तीन गोळे, प्रत्येकी १ वाटी पीठ. (अ) नुसती ज्वारी, गार पाणी: थापताना कडा सहा ठिकाणी चिरल्या, तव्यावर टाकताना मोडली. (आ) नुसती ज्वारी, उकळतं पाणी: दोन ठिकाणी बारीक चीर, भाकरी फुगली. (इ) कळणा, म्हणजे ४ वाट्या ज्वारीला १ वाटी काळे उडीद आणि मीठ घालून दळलेलं, गार पाणी: चीर एकच. तिन्ही पिठं चार दिवसांपूर्वी दळलेली. वाटलेलं कारण: उडदाला चिकटपणा आहे. प्रश्न: गरम पाण्यानं ज्वारीला चिकटपणा कुठून येतो?’

या नोंदीवर रसायनशास्त्राचा अर्धा तास उभा राहतो. गव्हात ग्लुटेन असतं, त्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही. ज्वारीच्या पिठावर उकळतं पाणी पडलं की स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांचा चिकट लगदा होतो; साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास हे घडायला लागतं. तोच लगदा पीठ बांधून ठेवतो. उडदातली चिकट कर्बोदकं आणि प्रथिनं हेच काम गार पाण्यातही करतात. पोषणाचा मुद्दा वेगळाच आहे: ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल कमी, उडदात ते भरपूर; उडदात मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते ज्वारी भरून काढते. ‘पौष्टिक’ या एका शब्दामागे एवढं सगळं असतं, आणि परीक्षक गुण देतो ते याला.

या नोंदीची खरी ताकद शेवटून तिसऱ्या वाक्यात आहे: तिन्ही पिठं एकाच दिवशी दळलेली. जुन्या पिठाची विरी जाते, मग गरम पाणी घातलं तरी भाकरी तुटते. एक पीठ ताजं आणि दुसरं महिन्याचं असतं, तर फरक पाण्यानं पडला की पिठाच्या वयानं, हे कळलंच नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. प्रयोगशाळेत ‘कंट्रोल’ म्हणतात ते हेच. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत कंट्रोल कशाला म्हणतात हे विचारलं, तर भाकरीचं उदाहरण द्यायला बिचकू नका. मुद्दा बरोबर असला की उदाहरण घरचं आहे म्हणून कोणी गुण कापत नाही.

मोजायला साधनं घरातच असतात: वाटी, फूटपट्टी, मोबाइलचं घड्याळ, वजनकाटा, दोनशे लिटरचा ड्रम. ‘खूप’, ‘थोडं’, ‘बऱ्यापैकी’ हे शब्द वहीत आले की त्यांच्यावर काट मारून तिथे आकडा लिहा.

तिसरी पायरी: अनुभवाला विषयाचं नाव शोधा

प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. तो छापून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. युनिटांची नावं डोळ्यांसमोर असली की अनुभव आपोआप त्यांच्या शेजारी जाऊन बसायला लागतात.

वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या मुलांसाठी कापसाचा हिशेब हा सगळ्यांत चांगला धडा आहे. समजा, एका शेतात ८ क्विंटल कापूस झाला आणि भाव ७,००० रुपये मिळाला. आले ५६,००० रुपये. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, वाहतूक असा रोख खर्च ३०,०००. घरात सगळे म्हणतात, २६,००० सुटले.

आता यात घरच्या माणसांनी केलेली निंदणी-वेचणी धरा: ४० दिवस, ३०० रुपये रोजानं १२,०००. नफा उरला १४,०००. मग असं विचारा: हे शेत दुसऱ्याला खंडानं दिलं असतं तर? समजा, खंड १२,००० आला असता, आणि गुंतवलेल्या स्वतःच्या पैशावर २,००० व्याज. तेही खर्चात धरलं तर नफा शून्य.

एकच शेत, एकच पीक, आणि उत्तरं तीन: २६,०००, १४,००० आणि शून्य. कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभावाची शिफारस करताना हेच तीन खर्च वेगळे धरतो. रोख खर्च म्हणजे ए-२, त्यात घरची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफएल, आणि खंड-व्याजही मिळवलं की सी-२. ‘दीडपट हमीभाव’ यावर इतकी भांडणं का होतात, ते या तीन ओळी मांडल्यावर लगेच उमगतं, कारण भांडण दीडपटीचं कमी आणि कशाच्या दीडपट याचं जास्त आहे. ‘संधी-खर्च’, म्हणजे एक पर्याय निवडल्यामुळे सोडावं लागलेलं दुसऱ्या पर्यायाचं उत्पन्न, ही संज्ञा पाठ करून आठवत नसेल तर खंडाची ओळ आठवा.

स्वतःच्या घरचे खरे आकडे घालून हा तक्ता करा. तो करताना वडील, काका, आजोबा यांच्याजवळ बसावं लागेल. ‘कर्ज किती आहे’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारू नका. आधी बियाण्याच्या पाकिटापासून सुरुवात करा, आकडे आपोआप बोलायला लागतात.

कला शाखेसाठी सामग्री कमी नाही. आखाजीला सालदाराचं साल संपतं आणि नवं ठरतं. करार तोंडी, पण त्यात पैसे, धान्य, कपडे, सुट्या, उचल असं सगळं असतं. समाजशास्त्रात आश्रयदाता-आश्रित संबंध, अर्थशास्त्रात श्रमबाजार, आणि करार कायद्यात तोंडी कराराची वैधता अशा तिन्ही बाजूंनी तो पाहता येतो. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांनी गुजरातेत ऊसतोडीला जाणारी कुटुंबं पाहिली असतील. हंगामी स्थलांतराचा धडा त्यांना दुसऱ्या कोणापेक्षा जास्त कळतो, त्यांनी तो वर्गात सांगितला पाहिजे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यानं दाखल्याची फेरी नोंदवावी: किती खेपा झाल्या, कुठला कागद कमी पडला, पावती मिळाली का, पावतीवर मुदत लिहिलेली होती का. मग महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ काढून बघावं. अधिसूचित सेवेला मुदत असते, ती टळली तर अपिलाची सोय असते. कायदा एकदा असा वाचला की विसरत नाही.

संख्याशास्त्रासाठी कापसातले कामगंध सापळे धरा. रोज सकाळी सापळ्यातले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजून लिहा. सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग दिसले की फवारणीचा विचार करावा, असा कृषी विद्यापीठांचा सल्ला असतो. सरासरी घेतली तर ८ येते, पण एका रात्री २० आणि दोन रात्री २ असतील तर? सरासरी कुठे दिशाभूल करते, ते इथे डोळ्यांना दिसतं.

चौथी पायरी: अनुभव कुठे फसवतो ते शोधा

बहुतेक जण ही पायरी गाळतात. आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच आहे. तिला भरपूर वेळ द्या.

केळीच्या बागेचं उदाहरण घेऊ. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात १,७४२ झाडं बसतात: ४३,५६० चौरस फूट भागिले २५. प्रत्येक झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर, म्हणजे झाडाला तासाला ८ लिटर. सगळ्या एकराला एकदम पाणी सोडायचं तर तासाला १,७४२ गुणिले ८, म्हणजे जवळपास १४,००० लिटर लागतील. मोटर किती देते? पाइपाचं तोंड ड्रमवर धरा. दोनशे लिटरचा ड्रम ८० सेकंदांत भरला तर सेकंदाला अडीच लिटर, तासाला ९,०००. म्हणजे सगळं एकर एकदम भिजणार नाही. नळीतला दाब पडेल, मोटरीजवळच्या झाडांना पाणी मिळेल आणि टोकाची झाडं उपाशी राहतील. दोन व्हॉल्व्ह करून ८७१-८७१ झाडांचे दोन भाग केले की एका वेळी ७,००० लिटरच्या आत गरज येते. उन्हाळ्यात झाडाला १६ लिटर द्यायचं असेल तर एका भागाला दोन तास, दोन्ही मिळून चार. शेतीला वीज ठरावीक तासच असते, तेव्हा हे गणित जमतं की नाही ते आधी बघावं लागतं.

इथपर्यंत ठीक. आता फसगत कुठे आहे? ड्रम भरताना पाइपाचं तोंड उघडं होतं, पाण्याला अडवायला काहीच नव्हतं. ठिबकात त्याच पाण्याला फिल्टर, नळ्या आणि ड्रीपरच्या बारीक छिद्रातून दाबानं जावं लागतं. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. त्यामुळे ड्रमवर मोजलेले ९,००० लिटर शेतात मिळत नाहीत, त्याहून कमी मिळतात. किती कमी, ते पंपाच्या हेड-डिस्चार्ज (कुठल्या दाबाला किती प्रवाह हे दाखवणाऱ्या) आलेखावरून कळतं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला तो कंटाळवाणा आलेख इथे कामाला येतो. मोजमाप खोटं नव्हतं. ते वेगळ्या परिस्थितीतलं होतं.

अनुभव फसवण्याच्या दुसऱ्या दोन वाटा आहेत. एक, एकाच वर्षावरून नियम काढणं. ‘मृग लागला की पेरलं आणि छान आलं’ हे एखाद्या वर्षी खरं असतं. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू कापूस लावू नये असा सल्ला का देतात, ते दुबार पेरणीची वेळ आलेल्या घराला विचारा. नक्षत्र तारखेनं लागतं, ओल पावसानं होते.

दुसरी वाट म्हणजे कोणाला विचारलं याचा विसर पडणं. गावची माहिती पारावर बसून गोळा केली तर ती वयस्क पुरुषांची माहिती असते. वेचणीचा दर, पाण्याचे हाल, मुलींची शाळा का सुटते, हे तिथे कळत नाही. त्यासाठी वेचणीला जाणाऱ्या बायांना विचारायला हवं, तेही काम चालू असताना नाही, जेवणाच्या सुट्टीत.

म्हणून प्रत्येक नोंदीच्या उजव्या पानावर एक ओळ सक्तीची करा: ‘हे कुठे लागू पडणार नाही?’

पाचवी पायरी: शेताची शिस्त अभ्यासाच्या वेळापत्रकाला लावा

वरचं ठिबकाचं गणित वेळापत्रकालाही जसंच्या तसं लागतं. परीक्षेच्या आदल्या महिन्यात पाचही विषय एकदम उघडणारा विद्यार्थी आख्खं एकर एकाच व्हॉल्व्हवर चालवतो. पहिल्या युनिटला भरपूर वेळ मिळतो आणि चौथं-पाचवं युनिट टोकाच्या झाडासारखं सुकतं. दोन-दोन विषयांचे भाग पाडा. दर दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या युनिटापासून सुरुवात करा.

आधी आपल्याजवळ पाणी किती ते मोजा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, तेव्हा चार क्रेडिटांचा पेपर ६० तासांचा. गावाहून येणाऱ्याचे रोज दोन तास एसटीत आणि स्टँडवर गेले, आठवड्याचे सहा दिवस धरले, तर पंधरा आठवड्यांत १८० तास होतात. म्हणजे चार क्रेडिटांचे तीन पेपर! हा वेळ वाया जातो असं रडत बसण्यापेक्षा त्याला साजेसं काम शोधा. हलत्या गाडीत वाचन जमत नाही, डोकं दुखतं. आठवून बोलणं जमतं. सकाळी निघताना एका चिठ्ठीवर पाच प्रश्न लिहून घ्या, उत्तरं गाडीत मनात जुळवा, अडलेल्या प्रश्नावर खूण करा, कॉलेजात उतरल्यावर तेवढंच पुस्तकात बघा. पावसाळ्यात चिठ्ठी पासाच्या प्लास्टिकमध्ये ठेवायची.

उजळणीची पाळी ठरवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यात दिसलं. म्हणून पहिली उजळणी त्याच रात्री, दुसरी तिसऱ्या दिवशी, तिसरी गावच्या आठवडेबाजाराच्या दिवशी, चौथी महिन्यानं. बाजाराचा दिवस यासाठी की तो घरात कोणी विसरत नाही.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं आणि मग पुस्तक उघडून ताडायचं. पहिल्यांदा निम्मंही आठवत नाही आणि मुलं घाबरून पुन्हा वाचायला बसतात. तसं करू नका. लिंबू-मोसंबीला बहार धरायचा असला की आधी पाणी तोडून ताण देतात. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त. आठवताना होणारा त्रास तसाच उपयोगी असतो. पण ताण अती झाला तर झाड वाळतं. महिनाभर एकदाही उजळणी न केलेलं युनिट मिटल्या पुस्तकानं आठवायला बसू नका, आधी एकदा वाचा.

सहावी पायरी: तीन भाषांचा रकाना

घरी अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी. पुस्तकात प्रमाण मराठी. आणि विज्ञान-वाणिज्यात बराच भाग इंग्रजीत. तीन ठिकाणी तीन शब्द असल्यामुळे मुलांना वाटतं की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीच्या मागच्या बाजूनं तीन रकाने करा: घरचा शब्द, पुस्तकी मराठी, इंग्रजी संज्ञा. खंड, भूभाटक, लीज रेंट. रुईचा उतारा, रुईचं प्रमाण, जिनिंग आउटटर्न. सावड, श्रमांची अदलाबदल, लेबर एक्स्चेंज. सत्राला पन्नास शब्द झाले तरी मोठं काम झालं.

नवी संकल्पना आधी घरच्या बोलीत कोणालातरी सांगून बघा. आजीला अहिराणीत सांगताना जिथे इंग्रजी शब्दाशिवाय पुढे जाता येत नाही, तिथे तुम्हाला ती समजलेली नाही. तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचा. परीक्षेत मात्र बोलीतला शब्द एकटा वापरू नका. प्रमाण संज्ञा लिहा आणि उदाहरणात घरचा शब्द आणा.

सातवी पायरी: गटाचं काम आणि क्षेत्र प्रकल्प

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाला वेगळी क्रेडिट्स आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, तेव्हा दोन क्रेडिटांचा प्रकल्प ६० तासांचा झाला. मुलं तो शेवटच्या आठवड्यात उरकतात आणि इंटरनेटवरून उतरवतात. अनुभववही असेल तर विषय आधीच हातात असतो: नोंदी चाळा आणि ज्या प्रश्नाचं उत्तर दोनदा शोधूनही मिळालं नाही, तो घ्या.

गट चार-पाच जणांचा ठेवा. कामं वाटताना धुळे जिल्ह्यात पांझरेवर चालत आलेली फड पद्धत आठवा. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याची गरज सारखी राहते. आणि पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, शेतमालकाचं नव्हे. गटातही एक पाटकरी नेमा. त्यानं फक्त कोणाची पाळी कधी, काय राहिलं, एवढंच पाहायचं. सगळे एकाच वेळी सगळं करायला गेले की प्रश्नावली तीन जण लिहितात आणि आकडे भरायला कोणी नसतं.

माणसांकडून माहिती घेताना आधी आपण कोण, कशासाठी आलो आणि हे कुठे जाणार ते सांगा. नावं अहवालात टाकू नका, घर १, घर २ असं लिहा. ‘सर्वे आला म्हणजे काहीतरी मिळेल’ अशी आशा लोकांना लागते. काही मिळणार नाही हे सुरुवातीलाच स्पष्ट बोला. फोटो विचारून काढा. वेचणी आणि केळी काढणीच्या घाईत कोणाच्या दारात जाऊ नका. अहवाल झाला की ज्यांनी वेळ दिला त्यांच्याकडे परत जाऊन निष्कर्ष त्यांच्या बोलीत सांगा. तिथे हमखास एखादी चूक सापडते, आणि ती अहवाल जमा करण्याआधी सापडलेली चांगली.

सुरुवात कधी करायची

सत्र सुरू होण्याची वाट पाहू नका. पहिल्या आठवड्यात चार कामं: वही, अभ्यासक्रमाची छापील प्रत, ड्रम किंवा वाटीनं केलेलं एक मोजमाप आणि घरच्या बोलीतले पाच शब्द. दुसऱ्या आठवड्यापासून दर शुक्रवारी वहीतला एक प्रश्न घेऊन त्या विषयाच्या प्राध्यापकांना भेटा. तास संपल्यावर दारात गाठू नका, स्टाफरूममध्ये दोन मिनिटं मागून घ्या. ‘मला हा धडा समजला नाही’ असं म्हटलं तर त्यांना कुठून सुरुवात करावी कळत नाही. ‘ड्रमवर ९,००० लिटर येतात, पण बागेच्या टोकाला पाणी पोचत नाही, असं का?’ असं म्हणत वही पुढे ठेवली की तेच फळ्याकडे वळतात. उत्तर मिळालं की उजवं पान त्याच दिवशी भरा, तारीख टाकून.